थर्माकोलचा पोपट आणि पनवेलचे दहा दिवस

पत्रात मुलांचा उल्लेख एकदाही नव्हता.

बालवाडी शिक्षिकांचं दहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण, ठिकाण पनवेल. येताना थर्माकोलचे दोन तुकडे, घोटीव कागद, जिलेटिन, कात्री, डिंक, अंथरूण-पांघरूण आणि ताट-वाटी आणावी. अखेरच्या पाठात किमान 'ब' श्रेणी न मिळाल्यास शिक्षिकेच्या मानधनाबाबत फेरविचार केला जाईल. खाली शिक्का. सही वाचता येत नव्हती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी महाडला एका संस्थेच्या बालवाडीत शिकवत होते. एम.ए. मराठी झालेली बाई बालवाडीत काय करते, असं लोक विचारत. मी उत्तर देत नसे.

या ब्लॉगचे वाचक अधूनमधून विचारतात की कर्नाळ्याला कधी जावं, कसं जावं. मी तिथे पहिल्यांदा गेले ती या पत्रामुळे. म्हणून सगळंच सांगते. इतक्या वर्षांनी राग निवेल असं वाटलं होतं. निवलेला नाही.

महाडहून सकाळची मुंबईची एसटी धरली. थर्माकोल उभा धरून बसावं लागतं, नाहीतर मोडतो. माणगाव, कोलाड, सुकेळीची खिंड, नागोठणे. वडखळला गाडी पंधरा मिनिटं थांबली. तिथे ऑम्लेट-पाव खाल्ला आणि परतीच्या वेळी पांढऱ्या कांद्याची माळ घ्यायचं ठरवलं. पेणनंतर डावी-उजवीकडे झाडी दाटली आणि वर कर्नाळ्याचा सुळका दिसला, मूठ मिटून अंगठा वर केल्यासारखा. कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमचा थर्माकोल खिडकीबाहेर चाललाय." सुळका मागे पडला. साडेचार तास लागले. आज त्याच रस्त्याला किती लागतात ते विचारू नका. काम चालू आहे असं तेव्हापासून ऐकते.

प्रशिक्षण खांदा कॉलनीतल्या एका शाळेच्या इमारतीत होतं. पनवेल स्टँडवरून रिक्षा केली. कॉलनी नवी होती. अर्ध्या इमारतींत माणसं आली होती, उरलेल्यांच्या गॅलऱ्यांत कबुतरं. आम्ही चाळीस जणी. वर्गातले बाक भिंतीला लावून जमिनीवर अंथरुणं टाकली. पाणी सकाळी एक तास.

माझ्या शेजारचं अंथरूण यमुनाताईंचं होतं. उरणकडच्या खाडीकाठच्या एका गावात अकरा वर्षं बालवाडी चालवणाऱ्या. चाळिशीच्या, आवाज मोठा, शिक्षण सातवी. त्यांनी थर्माकोल आणला नव्हता. एक टोपली आणली होती. टोपलीत शिंपले, जाळ्याची बुचं, शिशाच्या गोळ्या काढून टाकलेली दोरी, वाळलेला खेकडा.

"हे काय?" मी विचारलं.

"साहित्य. आनायला सांगितलं ना? माजी पोरं सकाळी येताना काय ना काय घेऊन येतात. मंग आमी बसून निवडतो. मोठं, बारीक, गुळगुळीत, खरबरीत. कुनाचं काय हाय, कुठं गावलं. दीड तास जातो, कळत नाय."

त्यांच्या बालवाडीचं वेळापत्रक काय, असं मी विचारलं. त्या हसल्या. "घारी फिरायला लागल्या की होड्या लागल्या बंदराला. पोरं खिडकीतून बगतात आनी सांगतात, बाई, आली. मंग सोडते. आया मासळी घ्यायला जातात, येताना पोरं घेऊन जातात."

मला हे नोंदवून ठेवावंसं वाटलं. वहीत जागा नव्हती. वही दुसऱ्या कामासाठी होती.

त्या कामाबद्दल सांगते. रोज सकाळी दहा ते साडेबारा मुख्य मार्गदर्शक टिपणं देत. आम्ही त्यांना मॅडम म्हणत असू. त्या खुर्चीवर, आम्ही जमिनीवर. त्यांनी सांगायचं, आम्ही उतरवायचं. "बालकाला मुक्त अभिव्यक्तीची संधी द्यावी. पूर्णविराम. बालकाला प्रश्न विचारण्यास उत्तेजन द्यावे. पूर्णविराम. अधोरेखित करा."

एकीने प्रश्न विचारला. मॅडम म्हणाल्या, "प्रश्न शेवटी."

शेवट आला की जेवणाची घंटा होत असे.

दुपारी आम्हाला मुलं व्हायला लावत. चाळीस बाया, त्यांतल्या दोघी आजी झालेल्या, हाताची घडी, तोंडावर बोट. लघवीला जायचं तर करंगळी दाखवायची. मी हसले तेव्हा मला भिंतीशी उभं केलं, आणि तेही खेळातच असल्याचं सांगितलं. यमुनाताई माझ्या कानात म्हणाल्या, "ताई, घरी दोन नातवंडं हायत माजी. त्यांनी हे बगितलं तर मला भीक नाय घालनार."

संध्याकाळी थर्माकोल. कापायचा, रंगवायचा, कडेला जिलेटिन लावायचं. सफरचंद, फुलपाखरू, पोपट. समारोपाला प्रदर्शन होतं, पाहुणे येणार होते. यमुनाताईंची टोपली मॅडमनी दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यात ठेवायला लावली. वास येतो म्हणून. वास येत होता, ते खरं. आमच्या डिंकालाही येत होता.

वेळापत्रकात एक ओळ होती जिच्याकडे आम्ही सगळ्या डोळे लावून होतो: सातवा दिवस, क्षेत्रभेट, कर्नाळा पक्षी अभयारण्य. सातव्या दिवशी सकाळी आम्ही डबे बांधून तयार बसलो. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, प्रदर्शन अपुरं आहे, भेट रद्द. त्या दिवशी आम्ही पक्षी कापले. कर्नाळा तिथून पाऊण तासावर. आम्ही चाळीस जणी हॉलमध्ये बसून थर्माकोलच्या पोपटाला चोच लावत होतो.

कोणीही काही बोललं नाही. मीही नाही. हे लिहून ठेवणं भाग आहे.

आठव्या दिवसापासून पाठ सुरू झाले. प्रत्येकीला दहा मिनिटं, विषय चिठ्ठीवर. त्यासाठी जवळच्या एका बालवर्गातली बारा मुलं येत. गणवेश, टाय, केसांना तेल. दरवर्षी प्रशिक्षण इथेच होई आणि पाठांना मुलं याच बालवर्गातून येत. या खेपेची बाराही पहिल्या दिवशीच तयार झाली. आम्ही पिशवीत हात घातला की ती आधीच ओरडत, "पोपट!" आम्ही "शाब्बास" म्हणायचं. कोणीतरी टाळी द्यायची. पुढची बाई, पुढची पिशवी.

पाठापेक्षा पाठटाचण मोठं होतं. टाचण म्हणजे पाठाची आगाऊ लिहिलेली योजना: उद्दिष्ट, साधन, शिक्षिकेची कृती, मुलांची कृती, आणि डावीकडे मिनिटांचा रकाना. मुलं तिसऱ्या मिनिटाला काय बोलतील हे आदल्या दिवशी लिहायचं.

यमुनाताईंना चिठ्ठीत 'पक्षी' आला. मलाही तोच. त्या वही घेऊन माझ्याकडे आल्या.

"तुमी लिवा. माजं अक्षर बगून ती वही मिटेल."

"पाठ तुमचा आहे."

"पाठ माजाच राहील. लिवायचं तुमी. गावात सरपंचाची सून बारावी हाय. ती वाट बगते मी कवा पडते त्याची. एवढा कागुद मिळाला की अजून धा वर्सं कोन हात लावत नाय."

मी लिहिलं. खरं सांगायचं तर मन लावून लिहिलं. 'पक्ष्यांच्या वैविध्यातून निरीक्षणशक्तीचा विकास.' तिसरं मिनिट, शिक्षिका पिशवीतून पोपटाची प्रतिकृती काढते. चौथं मिनिट, मुले आनंदाने 'पोपट' असे म्हणतात. मुलं आनंदाने म्हणतात हे मी लिहिलं. कोणाला न विचारता. यमुनाताईंनी ते वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर वही मिटली. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मला तेवढंच ऐकायचं होतं. माझं तेच टाचण थोडं फिरवून मी माझ्या वहीत उतरवलं.

माझा पाठ अकरा वाजता झाला. पिशवी, पोपट, टाळी. 'अ' श्रेणी.

त्यांचा नंतर. त्या मुलांसमोर खुर्चीवर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या. हातात काही नव्हतं. म्हणाल्या, "आज सकाळी तुमच्या खिडकीवर काय बसलेलं?"

मुलांना प्रश्न ओळखीचा नव्हता. एक मुलगा उभा राहून अदबीने म्हणाला, "बाई, तुम्ही पिशवी विसरलात."

"पिशवी नाय आनली. तुझ्या खिडकीत काय असतं ते सांग."

"पोपट."

"खरा?"

त्याने विचार केला. "नाही. कुंडी."

"आनी कुंडीत?"

तेवढ्यात मागची एक मुलगी उठली. सोनल नाव तिचं. टाय सुटलेला. "आमच्या कुंडीत कबुतराने अंडी घातलीत. दोन. आई म्हणते काढून टाकते. बाबा म्हणतात राहू दे."

"तू काय म्हनतेस?"

या मुलीला या हॉलमध्ये कोणी असं विचारलं नसावं. ती आधी दाराकडे बघत राहिली, मग बोलायला लागली. कबुतरीण रात्री झोपते का, अंडं गरम असतं का, तिने हात लावून पाहिला, कबुतरीण चिडली. एकजण म्हणाला आमच्याकडे कावळा आहे आणि तो चिडत नाही, चोरतो. कोणीतरी गुटर्घूम् केलं. मग सगळ्यांनी केलं. बारा मुलं जमिनीवर पंख हलवत होती आणि यमुनाताई मध्ये बसून विचारत होत्या, "अंडी किती दिसांनी फुटतात? कोन बगेल? कोन मोजेल?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या होत्या. माझ्या अक्षरातली वही. पेन्सिल तिसऱ्या मिनिटावर थांबली होती. दहा मिनिटांत त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

शेरा: टाचणानुसार पाठ नाही. साधन नाही. वर्गनियंत्रण नाही. भाषा अशुद्ध. 'ड'.

यमुनाताईंनी शेरा वाचला आणि वही पदराखाली घेतली. व्हरांड्यात जाऊन त्यांनी टोपलीतलं सामान काढून परत भरलं. दोनदा. जेवायला आल्या नाहीत.

मी मॅडमच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं, मी ठोठावलं नाही.

"ते टाचण माझं आहे. मी लिहिलं. चूक त्यांच्या पाठात नाही, माझ्या टाचणात आहे. 'ड' मला द्या."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं त्या चिडतील. त्या थकलेल्या दिसल्या.

"बसा. तुमचं अक्षर ओळखलं होतं मी. छान लिहिता."

"तुम्ही पाठ पाहिलात का?"

"ऐकला."

"मग?"

"मग काय? वरून माणूस येतो तो वह्या तपासतो. चाळीस वह्या, चाळीस टाचणं, पाठ त्याबरहुकूम झाला की नाही. मुलं तपासायला कोण येतं, सांगा ना. उद्या मी त्यांना 'अ' दिला आणि वहीत पोपट असून वर्गात कबुतर निघालं, तर उत्तर मी द्यायचं."

"त्यांची बालवाडी जाईल."

"जाऊ देत नाही मी. उद्या सकाळी फेरपाठ घेते. तुमच्या टाचणाप्रमाणे, शब्दाला शब्द. 'ब' देईन." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आणि पुढच्या वर्षी तुम्ही मार्गदर्शक म्हणून या. अशी टाचणं लिहिणारी माणसं मिळत नाहीत."

मला तिथे बोलायला हवं होतं. मी "बघते" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे समारोपाच्या सकाळी, यमुनाताईंनी फेरपाठ दिला. माझा पोपट मागून घेतला. खुर्चीवर बसल्या. पहिलं मिनिट, दुसरं मिनिट. प्रत्येक शब्द माझा. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. तिसऱ्या मिनिटाला पोपट निघाला आणि मुलं आनंदाने 'पोपट' असं म्हणाली. सुटल्यासारखी म्हणाली. मागे पेन्सिल एकेक खूण करत खाली सरकत होती.

सहाव्या मिनिटाला सोनल उठली. हात वर न करता.

"बाई, एक फुटलं! पिल्लू आलं! डोळे मिटलेत त्याचे!"

पेन्सिल थांबली. यमुनाताईंनी सोनलकडे पाहिलं. मग मागे पाहिलं.

"नंतर," त्या म्हणाल्या. "खाली बस."

ती बसली. सातवं मिनिट, पोपटाचा रंग कोणता. हिरवा. 'ब'.

दुपारी पाहुणे आले. थर्माकोलची फुलपाखरं पाहून त्यांनी कौतुक केलं. एक भाषण मुलांच्या स्वातंत्र्यावर होतं. आम्ही ते हाताची घडी घालून ऐकलं. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. यमुनाताईंनी आपलं दुमडून कमरेला खोचलं.

रविवारी सकाळी आम्ही अंथरुणं बांधली. माझी महाडची गाडी होती, त्यांची उरणची. त्या म्हणाल्या, "चला जरा, त्या पोरीच्या शाळेत जाऊ." मी म्हटलं आज रविवार आहे. तरी गेलो. फाटकाला कुलूप होतं. आत घसरगुंडी, तिच्यावर कोणाचा तरी रुमाल. मग आम्ही कॉलनीतल्या दोन गल्ल्या फिरलो, वर बघत. कुंड्या प्रत्येक गॅलरीत होत्या. कबुतरंही.

"कर्नाळा किती लांब?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या उलट दिशेला आहे."

"आसूदे. धा दिवस पोपट बगितला. एक तरी खरा पक्षी बगून जाते."

तर कर्नाळा. पनवेल स्टँडवरून पेणकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायचं आणि कंडक्टरला आधी सांगून ठेवायचं. फाटक रस्त्यालाच आहे. प्रवेशाचं तिकीट तेव्हा दोन चहांच्या आसपास होतं. आत खायला काही मिळेल अशा भरवशावर जाऊ नका. आणि पहाटे जा. आम्ही दहाला पोचलो तेव्हा पक्षी बोलून मोकळे झाले होते आणि सहलीची माणसं टेपरेकॉर्डर घेऊन बोलत होती. किल्ल्याच्या वाटेने अर्धा तास चढलो. मागे आवाज थांबले. एका वाळलेल्या ओहोळापाशी आम्ही बसलो आणि बसूनच राहिलो. बऱ्याच वेळाने शेपटीला दोन लांब तारा असलेला काळा भृंगराज आला, तीन वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज काढले आणि गेला. तो पाहायचा असेल तर बोलू नका एवढंच सांगेन.

यमुनाताई वर सुळक्याकडे बघत होत्या. "हितं घार नाय," त्या म्हणाल्या. "बाजार नाय ना."

मग म्हणाल्या, "अकरा वर्सांत एका पोराला पन 'नंतर' असं नाय म्हटलं मी. ती उद्या मला कुठं सांगनार, पिल्लाचे डोळे उघडले म्हनून?"

मी म्हटलं, "टाचण माझं होतं."

"तुमचं होतं, पन तोंड माजं होतं." त्यांनी टोपलीतून पोपट काढून माझ्या हातात दिला. "हा न्या. माजी पोरं ह्याला बगून हसतील, आनी मी त्यांच्यासोबत हसेन, मंग मला रडू येईल."

रस्त्यावर आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो, त्या पनवेलच्या बाजूला तोंड करून, मी पेणच्या. त्यांची गाडी आधी आली. वडखळला मी कांद्याची माळ घेतली नाही.

महाडला येऊन मी बालवाडीचं कपाट उघडलं. वरच्या खणात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माझी सगळी साधनं होती. मुलांनी खराब करू नयेत म्हणून. ती खाली काढली. आठवड्याभरात सगळी मोडली. पोपट सर्वांत आधी.

पुढच्या जानेवारीत जाड पाकीट आलं. मार्गदर्शक म्हणून या, असं पत्र, सोबत छापील नमुना पाठ. सायक्लोस्टाइलवरही मी माझी वाक्यं ओळखली. 'मुले आनंदाने पोपट असे म्हणतात.' वर लिहिलं होतं: आदर्श पाठ, विषय पक्षी. सादरकर्त्या म्हणून यमुनाताईंचं नाव, गावासह. जिल्ह्यातल्या सगळ्या बालवाड्यांना प्रती पाठवल्या आहेत, असं खाली लिहिलेलं.

मी त्याच कागदाच्या मागे लिहिलं: साधन नाही. मिनिटं नाहीत. शिक्षिका विचारते, आज सकाळी तुझ्या खिडकीवर काय बसलं होतं? मुले काय म्हणतील ते आधी सांगता येत नाही. मी यायला तयार आहे, हे टाचण चालणार असेल तर. ते पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि पनवेलचं बोलावणंही पुन्हा आलं नाही. एम.ए. मराठीचा तेवढा एक उपयोग झाला असं मी समजते, आणि तो एक वर्ष उशिरा झाला हेही.

यमुनाताईंनाही ती प्रत गेली असणार, हा विचार मला बरेच दिवस टोचत राहिला. आपल्याच नावाने तो पाठ आपल्याच हातात. मी पत्र लिहायला बसले की काय लिहावं ते सुचत नसे.

मार्चमध्ये त्यांचंच पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी उतरत्या. अख्खं पोस्टकार्ड तीन वाक्यांचं होतं.

'ताई तुमचा कागुद आमाला पन आला. पोरांनी त्याच्या होड्या केल्या आनी खाडीत सोडल्या. तीन बुडाल्या, एक लांब गेली, पोरं अजून इचारतात कुठं पोचली.'